बंदूक हा शेतीचा जोडधंदा नाही!



नागपूरचा सीताबर्डीचा किल्ला २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशी लोकांसाठी उघडतो. आपल्यापैकी पुष्कळांनी तो पोराबाळांना खांद्यावर घेऊन पाहिला आहे. एरवी तिथे ११८ इन्फंट्री बटालियन असते. ही प्रादेशिक सेनेची पलटण. अशीच १०१ नंबरची पुण्यात आहे, १०९ नंबरची कोल्हापुरात आहे. या पलटणींतला जवान कायद्याने अर्धवेळ शिपाई. वर्षातून साधारण दोन महिने शिबिर, देशाला गरज पडली की बोलावणे, बाकीचे दिवस आपले घर आणि आपले काम. जितके दिवस वर्दी अंगावर, तितक्या दिवसांचा पगार. वर्दी खुंटीला लागली की पगार बंद.

आता काही शहाणे आपल्याला सांगू लागले आहेत, पोराला प्रादेशिक सेनेत घाला, शेतीला जोड मिळेल. आधी म्हणाले गाय घ्या, मग कोंबड्या पाळा, मग रेशमाचे किडे पाळा. आता बंदूक! शेती का बुडते हे विचारायचे नाही, बुडत्या शेतीला रोज नवी काठी बांधायची, हा यांचा जुना उद्योग.

पोराने जाऊ नये असे मी म्हणत नाही. जाणारा पोरगा मानाचा आहे. सवाल आहे तो त्याला बोलावणाऱ्यांना. अर्धवेळ शिपाई हवा असेल, तर त्याचा उरलेला अर्धा वेळ कोण सांभाळणार?

प्रादेशिक सेनेचा कायदा १९४८ चा. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी राजगोपालाचारींनी तिचे उद्घाटन केले. १९६२, १९६५, १९७१ च्या लढायांत हे अर्धवेळ शिपाई उभे राहिले. पुढे काश्मीरमध्येही राहिले. सेना स्वतःच बजावून सांगते, ही पूर्णवेळ नोकरी नव्हे, येणाऱ्याला स्वतःची नोकरी किंवा धंदा हवा. म्हणजे ही सगळी इमारत माणसाच्या दुसऱ्या कामाच्या पायावर उभी आहे. ते काम टिकले तर शिपाई टिकतो.

नोकरदाराचे काम टिकावे म्हणून कायद्यात कलम '७ अ' आहे. सेवेला बोलावलेल्या माणसाला परत आल्यावर कामावर घेणे हे मालकाचे कर्तव्य. टाळाटाळ केली तर एक हजार रुपयांपर्यंत दंड आणि सहा महिन्यांच्या पगाराएवढी भरपाई. चांगले कलम आहे. पण ते वाचताना मला आपले वावर कुठे दिसले नाही. बँकेतल्या कारकुनाची खुर्ची राखून ठेवता येते. मृगाचा पाऊस कोण राखून ठेवणार?

कोरडवाहूचा हिशेब तुम्हाला सांगायला नको. ओल गेली की पेरणी गेली. डवरणी आठ दिवस लांबली की तण कपाशीच्या डोक्यावर. बोंडअळीला शिबिराची तारीख कळत नाही. ज्वारी कणसात आली की पाखरे रजेचा अर्ज वाचत नाहीत. घरचा कर्ता माणूस ऐन हंगामात दोन महिने नसला, तर वावर ठोक्याने द्यावे लागते, नाहीतर मजूर लावून सगळे घरधनिणीने ओढायचे. सातबारा नवऱ्याच्या नावावर, म्हणून पीककर्जाला बँक तिला दारात उभी करत नाही. ती राबते तेव्हा शिपायाचा उरलेला अर्धा वेळ सांभाळला जातो. तिच्यासाठी कोणत्या कायद्यात कोणते कलम आहे?

तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी हे कळत होते. शिवाजी महाराजांचे लष्कर पावसाळ्यात छावणीला परतायचे आणि दसऱ्याला कूच करायचे. लढाईचे पंचांग आणि पावसाचे पंचांग यांचा मेळ घालणारे राज्य होते. आज उपग्रह आहेत, संगणक आहेत, फक्त मेळ नाही.

परदेशातही पाहा. ब्रिटनमध्ये राखीव शिपायाला सक्तीने बोलावले, तर त्याच्या बुडालेल्या कमाईची भरपाई मागायची सोय २००५ च्या नियमांत आहे. स्वतःचा धंदा असणाऱ्यालाही ती मागता येते. तिथे दुकानदाराचा धंदा हा धंदा मानला जातो. इथे आपली शेती भरती होताना धंदा ठरते, नुकसान होताना ठरत नाही.

आणि २०२५ साल विसरू नका. ६ मेच्या आदेशाने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेनेतला प्रत्येक अधिकारी, प्रत्येक जवान बोलावण्याचा अधिकार दिला गेला. ३२ पायदळ पलटणींपैकी १४ खड्या करायचे ठरले, तेही अंदाजपत्रकात पैसा असेल तर! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले, आणि ही सूट पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे ऐन वेचणीचे दिवस. पोराला सीमेवर बोलावणारे आणि बापाच्या कापसासमोर परदेशी गाठी आणून टाकणारे सरकार एकच.

सही करण्यापूर्वी कागद वाचा, हेही सांगतो. उत्तराखंडच्या एका जवानाने प्रादेशिक सेनेच्या पर्यावरण पलटणीत असताना २००९ मध्ये रजेवरून परतताना स्कूटरच्या अपघातात पाय गमावला. तुम्हाला अपंगत्वाचे निवृत्तिवेतन नाही, तशी सही तुम्हीच केली आहे, असे सरकारने त्याला सुनावले. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. निकाल लिहिला आपल्या अमरावतीच्या न्यायमूर्ती भूषण गवईंनी. बलाढ्य सरकारसमोर साध्या शिपायाच्या सहीला राजीखुशीची सही म्हणता येत नाही, हे त्याचे सार. सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर सही केलेल्या माणसाला यातले मर्म लगेच कळेल.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पिथौरागडच्या भरतीला पोरे हजारोंनी लोटली. अधिकारी म्हणतील, पाहा केवढा उत्साह! गर्दी म्हणजे उत्साह नव्हे. घरी वावर पोसत नाही म्हणून जो रांगेत उभा राहतो, त्याच्याकडे दुसरे काम उरलेलेच नाही. तो अर्धवेळ शिपाई नाही, तो पूर्णवेळ बेकार आहे. अशांची भरती एका दिवसात होते, पण पलटण वर्षानुवर्षे टिकत नाही.

म्हणून जिल्ह्याच्या बैठकीत हे मांडा:

१) कोरडवाहू भागातल्या जवानांचे वार्षिक शिबिर पेरणी ते वेचणीच्या काळात नको, उन्हाळ्यात घ्या.
२) कलम '७ अ' मध्ये शेतीचा समावेश करा. सेवेच्या काळात पीककर्जाचे व्याज आणि वसुली थांबवा, मजुरीची भरपाई द्या.
३) जवानाच्या बायकोला तिच्या सहीवर पीककर्ज मिळाले पाहिजे.
४) पलटण किती महिने खडी राहणार हे हंगामाआधी लेखी कळवा.
५) कापूस-ज्वारीचा भाव पाडणारी आयात-निर्यातीची धोरणे बंद करा. शिपायाचा उरलेला अर्धा वेळ त्या भावावर जगतो.

आपण देशाला पोरगा देतो, तो भीक म्हणून नाही आणि जोडधंदा म्हणूनही नाही. तो परत येईल तेव्हा त्याचे वावर उभे पाहिजे, एवढेच आपले मागणे आहे. बैठकीला या, येताना घरातल्या बाईलाही आणा. या हिशेबाची खरी वही तिच्याकडे आहे.