गाडीतला गोड वास

दिवाळी अंकात अनारशांच्या पाककृतीशेजारी रेडिएटरची गोष्ट छापायची म्हणजे संपादकांचे धैर्यच म्हटले पाहिजे. पण वर्षभर या सदराकडे जी पत्रे येतात त्यांत दोन प्रश्न हटकून असतात. एक, ‘गाडीखाली काहीतरी गळते आहे, ते काय असेल?’ आणि दुसरा, ‘गाडीचा हीटर चालत नाही; आपल्या हवेत तो दुरुस्त करून घेण्यात काही अर्थ आहे का?’ विचारणारे निरनिराळे असतात, परंतु पुष्कळदा ते दोघे एकाच दुखण्याची दोन टोके धरून बसलेले असतात. सुटीत पाली-महाडच्या गणपतींना, कोकणात किंवा घाटावर निघणाऱ्या कुटुंबांनी ही गोष्ट वाचावी, एवढ्यासाठी हा मजकूर.

मोटारीतला हीटर न्हाणीघरातल्या गीझरसारखा विजेवर चालतो, अशी अनेकांची समजूत असते. बॅटरीवर धावणाऱ्या नव्या गाड्या सोडल्या तर तसे नाही. पेट्रोल किंवा डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा मोठा भाग चाके फिरवण्याच्या कामी येतच नाही. ती इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याने उचलायची आणि रेडिएटरमध्ये नेऊन वाऱ्यावर सोडायची, अशी व्यवस्था असते. त्याच पाण्याची एक धाकटी वाट दोन रबरी नळ्यांतून डॅशबोर्डच्या पोटात जाते. तिथे रेडिएटरचे एक लहान भावंड बसलेले असते. वहीएवढी जाळी, तिचे नाव हीटर कोअर. पंख्याने तिच्यातून हवा फुंकली की आपल्या पायांशी ऊब येते. म्हणजे ही ऊब फुकटची. परंतु त्याचाच दुसरा अर्थ असा, की हीटर थंड पडला तर इंजिनाच्या पाण्याकडे पाहायला हवे.

पूर्वी हे कोणाला सांगावे लागत नसे. फियाट आणि अँबॅसेडरवाले गृहस्थ सकाळी आधी बोनेट उघडून पाणी पाहत, मग चहा घेत. खंडाळ्याच्या चढावर बोनेट वर करून वाफ सोडीत उभ्या असलेल्या गाड्या हे घाटाचे नेहमीचे दृश्य होते. अँबॅसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाली आणि त्यांच्याबरोबर ती सवयही गेली. आजच्या गाड्या फार गुणी आहेत, यात शंका नाही. पण त्या इतक्या गुणी आहेत की एका सर्व्हिसिंगपासून दुसऱ्यापर्यंत त्यांच्या बोनेटखाली कोणी डोकावतच नाही, आणि हे मला काही फारसे बरे लक्षण वाटत नाही.

मागल्या दिवाळीत आमचे मेहुणे पुण्याहून सहकुटुंब पालीला आले, आम्ही ठाण्याहून गेलो. आधी धुंडीविनायक, मग बल्लाळेश्वर असा तिथला दर्शनाचा क्रम. तो आटोपून, वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी दिलेली म्हणून सांगतात ती घंटा मुलांना दाखवून आम्ही सरसगडाच्या बाजूला लावलेल्या गाड्यांशी आलो. मेहुण्यांच्या गाडीखाली, डाव्या बाजूला पुढे, ताटाएवढे थारोळे साचले होते.

“भाऊजी, ते एसीचं पाणी आहे,” मेहुणे म्हणाले. “आमच्या सोसायटीत सगळ्यांच्याच गाड्या असं पाणी टाकतात.”

यात खोटे काही नव्हते. एसी चालू असताना हवेतले बाष्प गार जाळीवर जमते आणि एका नळीवाटे गाडीखाली ठिबकते. त्यात घाबरण्यासारखे काहीच नसते. मी विचारले, “सकाळपासून एसी लावला होता का?”

“छे हो, एवढी थंडी होती! खोपोलीनंतर तर काचाच उघड्या ठेवल्या होत्या.”

मग एसीचे पाणी आले कुठून? मी पांढऱ्या कागदी रुमालाचा कोपरा थारोळ्यात बुडवला. एसीचे पाणी असते तर कागद नुसता ओला झाला असता. त्याला फिकट हिरवी छटा आली आणि बोटांना बुळबुळीतपणा लागला. तेवढ्यात वहिनींनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या ऐकून मला पुढचे काही विचारायची गरजच उरली नाही. पहाटे लोणावळ्याशी धुके होते म्हणून त्यांनी हीटर लावला, तर गाडी पळत असताना ऊन वारा येई आणि टोलनाक्याच्या रांगेत उभी राहिली की गार. शिवाय समोरची काच आतून सारखी धुरकट होत होती. पुसली तरी तेलकट ओघळ राहत. “आणि आतोबा, गाडीत पेढ्यांचा वास येतो!” धाकटा म्हणाला. पेढे तर आम्ही आत्ता देवळाबाहेर घेतले होते. डावीकडच्या पायपोसाखालचा गालिचा दाबून पाहिला. तो चिंब होता.

तो गोड वास कूलंटचा. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल नावाचे द्रव्य असते, त्याला गोडसर वास असतो. हीटर कोअरला बारीक भोक पडले की हे मिश्रण थोडे गालिच्यात उतरते, थोडे वाफ होऊन काचेवर बसते. पाणी कमी झाल्यामुळे उरलेले पाणी हीटरपर्यंत धड पोहोचत नाही. इंजिनाचा वेग वाढला की पंप ते जोराने ढकलतो आणि तेवढ्यापुरती ऊब येते. ऊन-गार असा लपंडाव करणारा हीटर, गोड वास, धुरकट काच आणि ओला गालिचा ही चौघे एकत्र भेटली, तर दुसरे निदान शोधत बसू नये.

मेहुण्यांना ते पटत नव्हते. “काटा तर मध्यावर आहे! लाल दिवाही लागला नाही.” संध्याकाळी चारला निघून आठपर्यंत पुणे, असा त्यांचा बेत होता. आता हा काटा कशावर विसंबून असतो? इंजिनाच्या पाण्यात बुडवलेल्या एका लहानशा संवेदकावर. पाणीच त्याच्याखाली उतरले तर तो बिचारा वाफेत किंवा कोरड्या हवेत लोंबकळतो आणि काटा खोटे बोलू लागतो. बोरघाट उतरताना इंजिनाला श्रम नव्हते, म्हणून सकाळ निभावली. परतताना तोच घाट पाचशे मीटरांहून अधिक चढायचा होता. गाडीत चार माणसे, सामान, अंधार, दिवाळीची गर्दी आणि मागेपुढे अवजड ट्रक. तिथे पाणी संपले असते तर अॅल्युमिनियमचे हेड वाकायला काही मिनिटे पुरतात. इंजिन गेले तर पैसे जातात, पण घाटातल्या वळणावर बंद पडलेल्या गाडीत मुले बसलेली आहेत, हे चित्र मला सहन होईना. मी किल्ली मागून घेतली. मेहुणे जरा रागावले, तो राग मी चालू दिला.

इंजिन गरम होते, म्हणून झाकणाला हात लावला नाही. याबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण भाजण्याचे अपघात इथेच होतात. रेडिएटरचे झाकण हे प्रेशर कुकरच्या झाकणाचेच चुलतभावंड आहे. आत दाब धरल्यामुळे पाणी १०० अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण उघडले की दाब जातो आणि ते सगळे पाणी एका क्षणात उकळून तोंडावर येते. शिटी न जिरलेला कुकर घरातली कोणतीही बाई उघडणार नाही. पण तिचेच यजमान फडके घेऊन रेडिएटर उघडायला धावतात. निदान तासभर थांबावे. आम्ही तो तास सत्कारणी लावला. मुलांना रिक्षाने उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडांवर पाठवले. जवळच आहे, आणि तिथला हीटर निसर्गाने असा बसवला आहे की त्याला कूलंट लागत नाही.

गार झाल्यावर झाकण काढले तर आत पाण्याचा पत्ता नव्हता. पालीतल्या एका गॅरेजचे प्रौढ मिस्त्री आले. त्यांनी नळ्या, त्यांच्या क्लिपा, पाण्याचा पंप सगळे चाचपले. बाहेर कुठेच ओल नव्हती. “साहेब, आतली जाळी गेली. ती काढायची तर सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागंल, परवा संध्याकाळ होईल. बायपास मारून देतो.” बायपास म्हणजे हीटरकडे जाणारी आणि येणारी नळी सोडवून, मध्ये पाइपाचा तुकडा घालून, दोघींची परस्पर गाठ घालून द्यायची. हीटर बंद होतो, पण इंजिनाचे पाणी राखले जाते. बहुतेक गाड्यांत हा तात्पुरता उपाय चालतो. मग त्यांनी कूलंट आणि स्वच्छ पाणी भरले, इंजिन चालू ठेवून आतली हवा निघू दिली, पंखा आपोआप फिरेपर्यंत वाट पाहिली आणि पुन्हा पातळी पाहिली. हवा अडकून राहिली तर भरलेली टाकीसुद्धा फसवते, म्हणून ही शेवटची वाट पाहणे महत्त्वाचे. लोणावळ्याहून रात्री मेहुण्यांचा फोन आला, काटा मध्यावरच होता, आणि या खेपेला तो खरे बोलत होता.

हीटर थंड पडण्याची कारणे मात्र आणखीही आहेत. गाडी तापली असताना, पंख्यापासून हात जपून, त्या दोन नळ्यांना अलगद स्पर्श करून पाहावा. दोन्ही गरम असतील तर पाणी नीट फिरते आहे. दोष आतल्या झडपेत, जी गार आणि ऊन हवेची वाट बदलते. तिची मोटर बिघडली की डॅशबोर्डमागून टकटक ऐकू येते. एक गरम आणि एक थंड असेल तर जाळी गाळाने तुंबली आहे. वर्षानुवर्षे विहिरीचे किंवा बोअरचे पाणी ओतलेल्या गाड्यांत हे हमखास. दोन्ही थंड असतील तर पाणी कमी, नाही तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला. अशा वेळी काटा वर चढतच नाही आणि पेट्रोल जास्त लागते. पंखा फक्त शेवटच्या वेगावर चालतो ही तक्रार निव्वळ विजेची आहे, तिचा पाण्याशी संबंध नाही.

आपल्या हवेत हीटर हवा कशाला, याचे उत्तर पावसाळ्यात ताम्हिणीत किंवा आंबोलीत मिळते. एसी हवा कोरडी करतो, हीटर ती ऊन करतो. दोन्ही एकदम लावून वारा काचेवर सोडला की धुरकटपणा भराभर जातो. शिवाय चढावर काटा वर सरकू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा. इंजिनाची काही उष्णता तिकडून निघते. घामाघूम व्हाल, पण वेळ निभावते. मात्र काटा लाल रेघेशी असताना हीटरमधून गार वारा आला, तर आत पाणी उरलेले नाही. तिथल्या तिथे गाडी बाजूला घेऊन बंद करावी.

गळतीचे म्हणाल तर रात्री गाडीखाली जुनी वर्तमानपत्रे पसरावीत, सकाळी ती बोलतात. इंजिनाखाली काळे-तपकिरी डाग, ते ऑइल. थेंबभर असेल तर गॅरेजात दाखवेपर्यंत दम धरता येतो. हिरवा, गुलाबी, निळा किंवा नारिंगी, ते कूलंट. तांबूस तेल बहुधा स्टिअरिंगचे किंवा ऑटोमॅटिक गिअरचे. पण चाकाच्या आतल्या अंगाला पातळ, पिवळसर, बुळबुळीत ओल दिसली तर ते ब्रेकचे तेल असू शकते, आणि त्या गाडीने कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंतसुद्धा जाऊ नये, मिस्त्रीला घरी बोलवावे. खाली डाग नाही तरी पाणी घटते, धुराड्यातून गाडी तापल्यावरही पांढरा गोड धूर येतो, ऑइल दुधाळ दिसते, तर हेडगॅस्केट गेले समजावे.

आणखी एक, कूलंट हे विष आहे. गोडसर असल्यामुळे कुत्री ते चाटतात, मुले चाखतात. पालीचे ते थारोळे आम्ही भरपूर पाणी ओतून धुऊन टाकले. उरलेले कूलंट मेहुणे पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरू लागले होते, ते मी मूळच्या डब्यातच परत ओतायला लावले.

पंधरा दिवसांनी पुण्यात जाळी बदलली. सामानापेक्षा मजुरीच जास्त लागली, कारण डॅशबोर्ड खरोखरच सबंध उतरवावा लागला. मेहुण्यांनी जुनी जाळी मला दाखवायला ठेवली होती. एका कोपऱ्यात पांढरट-हिरवा क्षार जमला होता. तो नखाने खरवडला तेव्हा खाली भोक दिसले, टाचणीच्या टोकाएवढे.