क्रांतीचे कान

राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी एकदा विचारले, "क्रांतिकारी पक्ष सत्तेवर येतो तो कशाच्या बळावर?" मी तत्काळ उत्तरलो, "शिस्त आणि तत्त्वज्ञान!" वर्गाने टाळ्या वाजविल्या. सर नुसते हसले. त्या हसण्याचा अर्थ मला रशियाचा इतिहास वाचताना उमगला.

१९१७ साली झारशाही कोसळली तेव्हा बोल्शेविक पक्षाचे सभासद जेमतेम २० ते २५ हजार होते. शिस्त होती, तत्त्वज्ञानही होते. तरीही पेट्रोग्राडच्या सोव्हिएतमध्ये ते अल्पमतातच होते. मग पुढच्या काही महिन्यांत असे काय घडले? हंगामी सरकारने युद्ध चालूच ठेवले आणि जमिनीचा प्रश्न संविधान सभेवर ढकलला. लेनिनच्या पक्षाने मात्र शांतता, भाकरी आणि जमीन या तीन शब्दांत जनतेच्या मनातले बोलून दाखविले. सेनापती कोर्निलोव्हने बंड केले तेव्हा राजधानीच्या रक्षणासाठी कामगारांना उभे करण्यात हाच पक्ष पुढे होता. सप्टेंबरात पेट्रोग्राड व मॉस्को या दोन्ही सोव्हिएतांत त्याला बहुमत मिळाले आणि ७ नोव्हेंबरला सत्ता हाती आली. माझ्या मते हा विजय तत्त्वज्ञानाइतकाच कानांचा होता.

परंतु सत्ता येताच हे कान मिटू लागले. संविधान सभेच्या निवडणुकीत बोल्शेविकांना सुमारे एक चतुर्थांश मते पडली. जानेवारी १९१८ मध्ये ती सभा एकाच बैठकीनंतर विसर्जित करण्यात आली. मार्च १९२१ मध्ये क्रोनस्टाटच्या खलाशांनी सोव्हिएतांच्या खुल्या निवडणुका मागितल्या. त्यांना उत्तर मिळाले तोफांचे. त्याच महिन्यात पक्षांतर्गत गटांवरही बंदी आली. यादवी युद्ध आणि परकीय फौजा यांमुळे हे अटळ होते, असे माझे काही मित्र म्हणतात. संकट खरे होते, हे मला मान्य आहे. पण संकट सरले तरी बंदी उठली नाही, त्याचे काय?

१९८० च्या दशकाअखेर या पक्षाचे सभासद सुमारे १ कोटी ९० लाख होते. तरीही ऑगस्ट १९९१ मधील कट फसला आणि ६ नोव्हेंबरला रशियात पक्षावर बंदी आली, तेव्हा त्याला वाचवायला जनसागर लोटला नाही. क्रांतीला ७४ वर्षे पूर्ण व्हायला एकच दिवस उरला होता!

मित्रहो, हे सारे दूर देशीचे आहे, असे समजून मलाही सुटता आले असते. पण गेल्या वर्षी आमच्या संघटनेच्या भित्तिपत्रकावर एका सभासदाने आमच्यावरच टीका करणारे टिपण लावले होते. "एकजूट मोडेल" असे म्हणत ते मीच उतरविले. त्यानंतर तो बैठकीला आला नाही आणि हळूहळू इतरही येईनासे झाले. मी अजूनही परिवर्तनवादी आहे. म्हणूनच ते टिपण यंदा पुन्हा लावावे, असे मी बैठकीत सुचविले आहे. निर्णय अद्याप व्हायचा आहे.