छापील अंकाची वेबवारी

सिकंदराबादच्या पार्क लेनवरच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये सुटे भाग घ्यायला जाणाऱ्या पोरांना एकेकाळी संगणकविषयक मासिकाचाच आधार असायचा. कोणता मदरबोर्ड घ्यावा, रॅम किती टाकावी, हे त्यात वाचूनच दुकानदाराशी हुज्जत घालता यायची. मुंबईहून निघणाऱ्या ‘डिजिट’ची ओढ अंकाइतकीच त्याच्यासोबतच्या सीडीचीही होती; इंटरनेट मुंगीच्या पावलांनी चालायचं, तेव्हा सॉफ्टवेअर घरी यायचं ते त्या चकतीवरूनच. १९९८मध्ये सायबर टॉवर्स ही आयटी कंपन्यांची इमारत उभी राहिली आणि हैदराबादचं नाव जगभर झालं, पण संगणक तेलुगूत समजावून सांगण्याचं काम नल्लमोतु श्रीधर यांच्या ‘कंप्युटर एरा’ या मासिकाने केलं. ब्रॉडबँड आलं, सीडी अडगळीत गेली, आणि असं लेखन छापील पानांतून वेबवर, तिथून यूट्यूबवर गेलं. वाचक अफाट वाढले. पंचाईत झाली ती पैशांची. अंकाला किंमत होती, वेबवरचा मजकूर फुकट. मग खर्च भागवायचा तो जाहिरातींवर आणि खरेदीच्या दुव्यांमागच्या कमिशनवर. ज्या कंपनीच्या फोनची परीक्षा घ्यायची, तिच्याच पैशांवर चूल पेटणार असेल तर गुण कोण कापणार? जाहिरात मानक परिषदेने २०२१मध्ये समाजमाध्यमांवरच्या पैसे घेऊन केलेल्या मजकुरावर तशी खूण सक्तीची केली, हे बरं झालं. पण खरी कसोटी सोपी आहे: ‘हा फोन घेऊ नका’ असं, ज्याचं परीक्षण वाचताय त्याने शेवटचं कधी लिहिलं, ते आधी शोधा, मगच पाकिटाला हात घाला.