मौन हाही अपराधच

शाळकरी मुलाचा छळ ‘पोरांची थट्टामस्करी’ म्हणून सोडून देण्याची वृत्ती घातक आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यानुसार तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी केली पाहिजे. ती टाळणाराही अपराधाचा साथीदार ठरतो. पण घाबरलेले मूल तक्रारच करीत नाही. पंचवटी असो वा सिडको, नाशिकच्या शाळांतील मधल्या सुट्टीत आणि घरी परतणाऱ्या रिक्षात शिक्षक सोबत नसतात. पाहतात ते शिपाई, रिक्षाचालक आणि सवंगडी. त्यांनी बोलले पाहिजे. पालकांनीही ‘तुला कोणी मारले का?’ या प्रश्नासोबत ‘तू कोणाला छळलेस का?’ हेही विचारावे. दुर्बलाला छळणारा मुलगाही आपल्याच घरात घडत असतो. संस्काराची खरी कसोटी तेथेच आहे.