दागिन्यांच्या पेटीतलं रिव्हॉल्व्हर

कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्यानं जानेवारी २०१४ मध्ये ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्व्हर विक्रीला काढलं. खास बायकांसाठी, असा त्याचा गाजावाजा झाला. ०.३२ बोअरचं, सहा गोळ्यांचं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं आणि म्हणून हलकं, साधारण पाचशे ग्रॅम वजनाचं. किंमत १,२२,३६० रुपये. नाव कशावरून सुचलं हे सांगायला नको. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत जिच्यावर बलात्कार झाला, त्या मुलीला वर्तमानपत्रांनी ‘निर्भया’ म्हटलं होतं आणि तिच्या मृत्यूला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. हे रिव्हॉल्व्हर गिऱ्हाइकाच्या हाती पडायचं ते मरून रंगाच्या दागिन्यांच्या पेटीत.

मैत्रिणींनो, मला या पेटीबद्दल आधी बोलायचं आहे. पुरुषाला बंदूक विकताना ती कुणी दाढीच्या सामानाच्या डब्यात घालून देत नाही. बाईला विकायची तर मात्र ती दागिना व्हावी लागते. म्हणजे बाईच्या जिवाला धोका आहे हे सरकारला कळलं होतं, आणि त्यावर सरकारला सुचलेला इलाज होता सव्वा लाखाची एक वस्तू, छान पेटीत. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला चार हजार रुपये होता. एका ‘निर्भीक’ला तीस क्विंटल कापूस! आमच्याकडच्या कोरडवाहू पाच-सहा एकरांचं वर्षाचं पीक झालं हे. त्या पेटीवर कापूस वेचणाऱ्या बाईचं नाव नव्हतं, हे उघड आहे.

ही कल्पना काही कानपूरला पहिल्यांदा सुचली नाही. पुरुषांमधला खप मंदावला तेव्हा अमेरिकेतल्या बंदूक कंपन्यांना बायकांची आठवण झाली. स्मिथ अँड वेसन कंपनीनं १९८९ मध्ये ‘लेडीस्मिथ’ नावाची रिव्हॉल्व्हरं काढली. त्यातलं एक चकचकीत स्टेनलेस स्टीलचं होतं. घामानं लवकर गंजत नाही, पुसलं की लख्ख. मग त्या रिव्हॉल्व्हरभोवती बाकीचा संसार उभा राहिला. बंदुकीचा चोरकप्पा असलेल्या पर्सा आल्या, पायाला किंवा कमरेला बांधायची म्यानं आली, रंगीत मुठी आल्या. बाईची भीती हाच एक बाजार झाला. भीती कमी झाली असती तर तो बाजार बंद पडला असता, पण तो काही बंद पडलेला नाही.

त्याच देशात या बंदुकांचा हिशेबही मांडला गेला. आर्थर केलरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवलं की घरात बंदूक असेल तर त्या घरात खून होण्याचा धोका कमी होत नाही, वाढतो. आणि मारणारा बहुतेक वेळा घरातला किंवा ओळखीचाच असतो. जॅकलिन कॅम्पबेल यांच्या गटानं २००३ मध्ये नवऱ्यांनी वा जोडीदारांनी मारलेल्या बायकांची प्रकरणं तपासली. मारझोड करणाऱ्या पुरुषाच्या हाताशी बंदूक असली की बाईचा खून होण्याची शक्यता सुमारे पाचपट होते, असं त्यांना आढळलं. बंदूक कुणाच्या नावावर आहे याला घरात फारसा अर्थ नसतो. कपाटाची किल्ली कुणाकडे असते, ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण अकोल्याच्या आमच्या बैठकीत घडलं. एक बाई आली. नवरा वारलेला, दोन मुलं, शेतीच्या हिश्शावरून दिरांशी वाद. तिनं थेट विचारलं, “ताई, मले रिव्हॉल्व्हरचं लायसन भेटीन काय?” कुणी हसलं नाही, पण सगळ्या गप्प झाल्या. मग ती म्हणाली, “त्यायच्या घरी बंदूक हाये. दीर रोज दारात पुसत बसते. मंग माह्या घरी काऊन नाही?”

तिच्या या ‘काऊन’ला उत्तर द्यायलाच हवं. दिराकडची बंदूक बारा बोअरची, पीक संरक्षणाच्या परवान्यावरची. रानडुकरं आणि रोही रात्रीतून उभं पीक झोपवतात, हे वऱ्हाडात कुणाला सांगावं लागत नाही. पण असे परवाने बहुधा पुरुषांच्या नावावर असतात, कारण सातबाराही बहुधा त्यांच्याच नावावर असतो. रोह्यांसाठी घेतलेली बंदूक भावजयीसमोर पुसत बसायची, ही त्याच मालकीची पुढची पायरी. गोळी झाडावीच लागत नाही.

परवान्याची माहिती आम्ही तिला दिली, ती इथंही देते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बाई-पुरुष असा भेद नाही. वय एकवीस पूर्ण हवं. अकोला जिल्ह्यात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, अमरावती शहरात पोलीस आयुक्तांकडे. पोलीस चौकशी होते, जिवाला कशापासून धोका आहे ते सांगावं लागतं. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण आणि ते कुलुपात नीट ठेवण्याची हमी द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर माणशी दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा मिळतो. पुढं शस्त्राची किंमत, काडतुसं, म्यान, साफसफाईची सळई आणि तेल, कुलपाचं कपाट. निवडणूक आली की बहुधा शस्त्र ठाण्यात जमा करा. या सगळ्याला तयारी असेल तर बाईला परवाना मागण्याचा हक्क पुरुषाइतकाच आहे. ती चौकशीला गेली तेव्हा एका टेबलावर तिला विचारलं गेलं, “घरच्यांची संमती आहे काय?” ज्यांच्यापासून धोका आहे त्यांचीच संमती! असं कलम कायद्यात कुठंही नाही, आणि असं कुणी विचारलं तर ते लेखी मागावं.

हक्क आहे म्हणून आपण त्याची मोहीम करायची का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. बंदूक हातात घेणं बाईला शोभत नाही, असल्या कारणासाठी मुळीच नाही. अमरावती हे आखाड्यांचं गाव. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये इथं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं, १९३६ मध्ये मंडळाच्या पथकानं बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं केली. इथल्या मुलींनी लाठी शिकावी, कुस्ती शिकावी, याच्या मी पूर्ण बाजूनं आहे. अंगात आलेली ताकद कुणी कपाटातून काढून घेऊ शकत नाही. बंदूक मात्र घेता येते, आणि घेतली की तीच बंदूक तिच्यावर रोखता येते.

शिवाय धोका येतो कुठून? ‘निर्भीक’च्या मागं जे चित्र होतं त्यात अंधारी गल्ली आणि अनोळखी माणूस होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. लग्न झालेल्या ज्या बायकांनी लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं, त्यांतल्या शंभरातल्या ८२ जणींनी ती हिंसा करणारा म्हणून सध्याच्या नवऱ्याचं नाव घेतलं. आता सांगा, पलंगाशेजारच्या टेबलावर ती मरून पेटी ठेवून काय साधणार? आणि आपल्या विदर्भातलंच मथुरेचं प्रकरण आठवा. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात त्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला, असा आरोप पोलिसांवर होता. पुढं सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडलं, त्यावर देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कायदा बदलला तो त्या निदर्शनांनी आणि चार प्राध्यापक-वकिलांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रानं.

याच जिल्ह्यातली आणखी एक गोष्ट मला इथं सांगितलीच पाहिजे, जरी ती लिहिताना हात थांबतो. दीपाली चव्हाण मेळघाट व्याघ्र प्रकल्पात हरिसालला वनपरिक्षेत्र अधिकारी होत्या. जंगलातल्या चोरट्यांना न घाबरणारी बाई म्हणून लोक त्यांना ‘लेडी सिंघम’ म्हणत. २५ मार्च २०२१ रोजी त्यांनी सरकारी निवासस्थानी आपल्या सरकारी शस्त्रानं जीव दिला. मागं ठेवलेल्या चिठ्ठीत वरिष्ठ अधिकाऱ्याकडून होणाऱ्या छळाचे आरोप होते, आणि त्याच्याही वरच्यांना सांगून काही झालं नाही, असंही लिहिलं होतं. त्या अधिकाऱ्याला अटक झाली. खटल्याची चर्चा मी इथं करत नाही. मला एवढंच दिसतं की जे ‘निर्भीक’ विकणाऱ्यांनी बाईला देऊ केलं होतं, ते सगळं या बाईकडे आधीच होतं. शस्त्र होतं, प्रशिक्षण होतं, वर्दी होती, धाडस तर होतंच. लाकूडचोरापुढं ते कामाचं होतं. रजेच्या अर्जावर, पगारावर, गोपनीय अहवालावर ज्याची सही चालते त्याच्यापुढं त्या शस्त्राचा काडीचाही उपयोग नव्हता. तिथं उपयोगी पडली असती ती एक वेळेवर ऐकली गेलेली तक्रार.

आणि हाताशी काय असतं, यालाही महत्त्व आहे. वऱ्हाडात फवारणीच्या डब्यांनी हे आपल्याला फार महाग शिकवलं आहे. माणूस कोलमडलेल्या घटकेला जे हाताशी सापडतं, त्यावरून पुष्कळदा ठरतं की उद्याची सकाळ त्याला दिसेल की नाही. ज्या घरात बाई खचलेली आहे, त्या घरात तिच्या संरक्षणासाठी म्हणून भरलेलं शस्त्र आणून ठेवा, असं मी कोणत्याही मैत्रिणीला सांगणार नाही.

मग दिराच्या बंदुकीचं काय? इथं मात्र आपण गप्प बसायचं कारण नाही. बाईच्या हातात दुसरी बंदूक देण्याआधी पुरुषाच्या हातातली पहिली काढून घ्या, ही मागणी आपण पुरेशा जोरानं केलेलीच नाही. तिला आधार आहे. शस्त्र कायद्याच्या कलम १७ खाली सार्वजनिक शांतता वा सुरक्षिततेसाठी गरज वाटली तर परवाना देणारा अधिकारी तो स्थगित करू शकतो, रद्दही करू शकतो. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याचे जे नियम २००६ मध्ये झाले, त्यांतल्या दहाव्या नियमात तर स्पष्ट आहे की दंडाधिकाऱ्यानं लेखी सांगितलं तर संरक्षण अधिकाऱ्यानं पोलिसांच्या मदतीनं हिंसेत वापरलेलं शस्त्र जप्त करावं. हा नियम फारसं कुणी वाचत नाही. त्याची मर्यादाही आहे. तो दंडाधिकाऱ्याच्या आदेशावर अवलंबून, आणि ‘वापरलेलं’ शस्त्र म्हणजे काय यावर वाद घालता येतो. दारात पुसत बसलेली बंदूक ही वापरलेली बंदूक आहे, असं माझं म्हणणं आहे. धमकी ही त्या कायद्यानं हिंसाच मानली आहे.

परदेशाकडून काही घ्यायचंच असेल तर लेडीस्मिथऐवजी हे घ्यावं. दक्षिण आफ्रिकेच्या १९९८ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात धमकावणाऱ्याचं शस्त्र जप्त करण्याचे आदेश न्यायालयानं द्यावेत, अशी तरतूद आहे. बंदुकांनी भरलेल्या अमेरिकेतसुद्धा कौटुंबिक मारहाणीत दोषी ठरलेल्याला १९९६ पासून बंदूक बाळगता येत नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये, ज्याच्याविरुद्ध बाईच्या बाजूनं संरक्षण आदेश आहे त्याला शस्त्रबंदी करणारा कायदाही उचलून धरला. आपल्याकडे मारहाणीची तक्रार एका टेबलावर असते आणि त्याच माणसाच्या परवान्याची फाईल दुसऱ्या टेबलावर. दोन्ही फायली एकमेकींना भेटत नाहीत.

त्या भेटवायचं काम सध्या आपल्यालाच करावं लागेल. आमच्या केंद्रात बाई तक्रार घेऊन आली की आता आम्ही दोन प्रश्न जास्तीचे विचारतो. घरात बंदूक, रिव्हॉल्व्हर किंवा गावठी कट्टा आहे का? असेल तर परवाना कुणाच्या नावावर, कधी संपतो? उत्तर ‘हो’ आलं की कौटुंबिक घटनेच्या अहवालात ते लिहून घ्यायचं, दंडाधिकाऱ्यापुढच्या अर्जात शस्त्र जप्तीची मागणी वेगळी करायची, आणि जिल्हाधिकाऱ्यांना किंवा आयुक्तांना कलम १७ चा उल्लेख करून स्वतंत्र अर्ज द्यायचा. पोच घ्यायला विसरायचं नाही. परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख कळली तर त्याआधी अर्ज पोचलेला बरा.

अकोल्याच्या त्या बाईचा अर्ज आम्ही असाच केला. पोलिसांनी दोघांचेही जबाब घेतले, दिराची बंदूक सध्या ठाण्यात जमा आहे, परवान्याबद्दलचा निर्णय अजून व्हायचा आहे. दीर म्हणतो, रोह्यांनी तूर खाल्ली तर भरपाई कोण देणार. त्याचा हा प्रश्न खोटा नाही, पण तो वन खात्याला विचारायचा आहे, भावजयीला नव्हे. तिनं स्वतःच्या रिव्हॉल्व्हरचा अर्ज भरून ठेवला आहे, दिलेला नाही. देऊ नको असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, “बंदूक त्याच्याकडं वापस आली तं मी देईन.” यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

अमरावती, अकोला आणि आसपासच्या ज्या गटांनी पुरुषाच्या परवान्यावरचं शस्त्र जमा करून घेण्यासाठी अर्ज केले असतील, त्यांनी अर्जाची प्रत आणि काय उत्तर आलं ते संपादक मंडळाकडे पाठवावं. उत्तर आलं नसेल तर तसंही कळवावं.