गुडघ्याचा दर कळतो, निकाल कोण सांगणार?

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे. पण घरात साठीच्या पुढचं कोणी असेल तर शेवटपर्यंत वाचा, आणि पटलं तर पुढे पाठवा.

डोंबिवलीत मानपाडा रोड घ्या, कल्याणात खडकपाडा घ्या, ठाण्यात घोडबंदर रोड घ्या. रिक्षाच्या मागे, बसस्टॉपवर, सोसायटीच्या गेटवरच्या बॅनरवर एकच जाहिरात दिसते : गुडघे बदला. रोबोटिक, कमी दुखणारं, तिसऱ्या दिवशी घरी. पॅकेज अमुक, हप्त्यांची सोय, आणि शेजारी हसत चालणाऱ्या आजी-आजोबांचा फोटो. मागच्या वर्षी इथे किती गुडघे बदलले आणि त्यातले किती पुन्हा उघडावे लागले, हे मात्र मी आजवर एकाही बॅनरवर वाचलेलं नाही.

चार वर्षांपूर्वी माझ्या मावशीचे दोन्ही गुडघे गेले. डोंबिवली स्टेशनचा जिना चढायचा म्हटलं की ती आधी कठड्याला हात लावून देवाचं नाव घ्यायची. शेवटी ऑपरेशन करायचं ठरलं आणि आम्ही तीन हॉस्पिटलं पालथी घातली. पत्रकाराची खोड म्हणून मी तिन्ही ठिकाणी तेच प्रश्न विचारले. वर्षाला किती करता? जंतुसंसर्ग किती जणांना झाला? किती जणांचं ऑपरेशन परत करावं लागलं?

पहिल्या ठिकाणी काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, "सर, आमचा सक्सेस रेट शंभर टक्के आहे."

"शंभर टक्के म्हणजे कितीतले?"

तिनं पॅकेजचा कागद पुढे सरकवला.

दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरच जरा चिडले. तिसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी मात्र लॅपटॉप उघडला. एवढी केली, यातल्या दोघांना जंतुसंसर्ग झाला, एकाचं परत उघडावं लागलं, असं सरळ सांगितलं. वर म्हणाले, "मावशी, जिना चढाल, बाजारात जाल. पण मांडी घालून पंगतीला बसायचं विसरा." बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, "अरे, हा माणूस खोटं बोलत नाही. इथंच करू." आज ती जिना चढते. हळदीकुंकवाला खुर्ची मागते, पण कुरकुर नाही. तिला आधीच माहीत होतं.

शंभर टक्के यश सांगणाऱ्यापेक्षा स्वतःची बिघडलेली कामं मोजून ठेवणारा डॉक्टर जास्त विश्वासाचा, हे मी त्या दिवशी शिकलो. पण असं उत्तर मिळणं नशिबावर का असावं, हा माझा आजचा मुद्दा आहे.

आधी चांगली बाजू सांगतो. गुडघा बदलणं ही भरवशाची शस्त्रक्रिया आहे. अटलबिहारी वाजपेयींचे गुडघे २००० आणि २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलले, तेव्हा हे ऑपरेशन घराघरात पोहोचलं. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी साधारण ८२ टक्के गुडघे २५ वर्षं टिकल्याचं दिसलं. म्हणजे साठीत बदललेला गुडघा बहुतेकांना आयुष्यभर पुरतो. दुसरी बाजू अशी की, ऑपरेशन नीट होऊनही पाचातल्या एका माणसाचं दुखणं बरंच काळ राहतं किंवा त्याचं समाधान होत नाही, असं अनेक अभ्यास सांगतात. बॅनरवर ८२ चा आकडा नसतो आणि पाचातला एकही नसतो.

आता बघा, हा ८२ टक्क्यांचा आकडा आला कुठून? ज्या देशांत प्रत्येक बदललेल्या सांध्याची राष्ट्रीय नोंदवही ठेवली जाते तिथून. स्वीडननं गुडघ्यांची नोंदवही १९७५ मध्ये सुरू केली, ऑस्ट्रेलियानं १९९९ मध्ये, इंग्लंड-वेल्सनं २००३ मध्ये. कोणता इम्प्लांट, कोणतं रुग्णालय, किती वर्षांनी परत उघडावा लागला, सगळं लिहिलं जातं. आपल्याकडे 'इंडियन सोसायटी ऑफ हिप अँड नी सर्जन्स' या डॉक्टरांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक. ज्याला वाटलं त्यानं भरावी.

नोंदवही नसली की काय होतं, याचा धडा आपल्याला खुब्याच्या सांध्यानं दिलाय. डेप्यू कंपनीचा एएसआर नावाचा धातूचा खुबा वेळेआधी निकामी होतोय, हे ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत दिसलं आणि २००९ च्या अखेरीस तो तिथल्या बाजारातून गेला. जगभरातून तो परत मागवला ऑगस्ट २०१० मध्ये. भारतात तोवर चार हजारांहून जास्त रुग्णांना तो बसवून झाला होता. आपल्या महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं हा विषय लावून धरला म्हणून निदान बोभाटा झाला. पण पुढे केंद्राच्या समितीनं रुग्ण शोधायला घेतले, तर त्यातल्या बहुतेकांचा पत्ताच लागला नाही. शरीरात सदोष धातू घेऊन फिरणारी माणसं, आणि त्यांना कळवायला यादी नाही!

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. १६ ऑगस्ट २०१७ ला राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणानं गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीला टोपी घातली. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा आधी सरासरी दीड लाखाच्या पुढे छापील किमतीला जायचा, तो ५४,७२० रुपये अधिक जीएसटीवर आला. इम्प्लांटची किंमत, कंपनी, बॅच नंबर बिलात वेगळा दाखवायचा, हेही त्याच आदेशात आहे. दर बांधला गेला, ते उत्तमच झालं. निकालाचं काय, हे मात्र कोणी विचारलं नाही.

गुडघ्याच्या बाबतीत निदान वेळ तरी असतो. माणूस चार महिने विचार करू शकतो, दहा जणांना विचारू शकतो. शेजारीपाजारी गुडघे बदललेले असतातच. पण काही ऑपरेशनं अशी असतात की ओळखीत ती कोणाचीच झालेली नसते, आणि ठरवायला हातात आठवडा असतो.

आमच्या इमारतीतल्या एका काकांना अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. घास अडकायला लागला, एंडोस्कोपी झाली, औषधोपचारानंतर ऑपरेशन सांगितलं. मुलगा नोकरीवाला, सून गरोदर. परळला टाटाला जायचं म्हणजे पहाटेची लोकल, रांगा, तारखा, रात्री कुठे थांबायचं हा प्रश्न. जवळच्या एका हॉस्पिटलनं सांगितलं, आमच्याकडे होतं, विम्यातही बसतं. घरच्यांनी हो म्हटलं. त्यांच्या जागी तुम्ही-मी असतो तर हेच केलं असतं.

हे ऑपरेशन म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. अन्ननलिकेचा रोगट भाग काढतात, जठराची नळी करून ती वर ओढतात आणि छातीत किंवा मानेत उरलेल्या टोकाला जोडतात. ती जोडणी गळण्याचा धोका सगळीकडे असतो, अगदी मोठ्यातल्या मोठ्या रुग्णालयातही. फरक पडतो तो गळती किती लवकर ओळखली जाते आणि ओळखल्यावर रात्री दोन वाजता कोण हजर असतं, यानं. काकांची जोडणी गळली. सतरा दिवस आयसीयूत काढून ते गेले. नंतर मुलाला कळलं की त्या ठिकाणचं हे अशा प्रकारचं दुसरंच ऑपरेशन होतं.

परळला गेले असते तर काका वाचलेच असते, असं मी म्हणत नाही. तसं कोणीच सांगू शकत नाही. डॉक्टरांचा हात वाईट होता असंही म्हणत नाही. पण 'आमचं हे दुसरं ऑपरेशन आहे' हे एक वाक्य सही घेण्याआधी त्या घराला ऐकायला मिळायला हवं होतं. मुलगा आजही मला विचारतो, "दादा, मी पहाटेची लोकल पकडायला हवी होती का?" मला उत्तर देता येत नाही.

आणि हा आकडा किरकोळ नाही. अमेरिकेत ज्येष्ठ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे अन्ननलिकेची ऑपरेशनं वर्षाला दोनपेक्षाही कमी व्हायची, तिथे शंभरातले सुमारे २० रुग्ण दगावत होते. जिथे वर्षाला १९ पेक्षा जास्त व्हायची, तिथे हे प्रमाण आठच्या आसपास होतं. नेदरलँड्सनं सरळ नियमच केला. २००६ पासून वर्षाला किमान १०, आणि २०११ पासून किमान २० अशी ऑपरेशनं होत नसतील तर त्या रुग्णालयानं ती करायचीच नाहीत. तिथल्याही लोकांना लांब जावं लागलं, पण कुठे जायचं हे त्यांना कळलं.

माझे एक डॉक्टर मित्र यावर म्हणाले, "तुम्ही आकडे छापाल, मग अवघड पेशंट कोण घेणार?" प्रश्न खरा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात १८ मृत्यू झाले आणि राज्यभर आरडाओरडा झाला. त्यातले बरेच रुग्ण शेवटच्या अवस्थेत आणलेले होते, असं प्रशासनाचं म्हणणं होतं. नुसता मृत्यूचा आकडा फेकला तर सगळ्यांना दारात घेणारं सरकारी रुग्णालय बदनाम होतं आणि अत्यवस्थ रुग्ण पुढे पाठवून देणारं खाजगी रुग्णालय स्वच्छ दिसतं. म्हणून निकाल मोजताना वय, मधुमेह, आजाराची पायरी धरावीच लागते, आणि एका वर्षाऐवजी तीन वर्षांचा हिशोब एकत्र बघावा लागतो. ब्रिटनमध्ये २०१३ पासून काही शाखांमध्ये सर्जनच्या नावानिशी निकाल प्रसिद्ध करायला लागले, ते असा हिशोब लावूनच. काम अवघड आहे, अशक्य नाही.

आपण सोप्या टोकापासून सुरुवात करू. मृत्यू नंतर मोजू, आधी फक्त संख्या सांगा. वर्षाला किती गुडघे, किती अन्ननलिका, किती जठर, किती स्वादुपिंड. यात कोणाची बदनामी नाही.

आणि यासाठी दिल्लीकडे बघत बसायची गरज नाही. आपल्या शहरातली खाजगी रुग्णालयं १९४९ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली महापालिकेकडे नोंदवलेली असतात. २०२१ च्या सुधारित नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. म्हणजे भिंतीवर दर लावायला सांगता येतं. मग नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी शस्त्रक्रियांची संख्याही मागता येईल. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी मोजक्या दहा-बारा मोठ्या शस्त्रक्रियांचे आकडे घ्यावेत आणि वेबसाइटवर टाकावेत. नियमात बदल लागत असेल तर तसा ठराव करून राज्याकडे पाठवावा. आणि हो, सुरुवात स्वतःच्या रुग्णालयांपासून करावी, म्हणजे कोणी बोट दाखवणार नाही.

तोवर आपण काय करायचं? सही करण्याआधी विचारायचं :

१. हे ऑपरेशन तुम्ही स्वतः, याच ठिकाणी, मागच्या वर्षी किती केलीत?
२. त्यातल्या किती जणांना परत ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागलं?
३. रात्री काही बिघडलं तर इथे कोण असतं?
४. गुडघा असेल तर इम्प्लांटचं स्टिकर, कंपनी, बॅच नंबर माझ्या कागदावर लावून द्याल का? (ते फाइलीत जपून ठेवा. मोबाइलमध्ये फोटोही काढा.)
५. दुर्मीळ ऑपरेशन असेल तर दुसरं मत घ्यायला किती दिवस थांबता येईल?

डॉक्टरांना राग येईल म्हणून गप्प बसू नका. ज्याच्याकडे आकडा आहे तो शांतपणे सांगतो, हे मी मावशीच्या वेळी बघितलंय. आणि "आमच्याकडे कमी होतात, तुम्ही परळला जा" असं सांगणारा डॉक्टर भेटला तर त्याला मनापासून नमस्कार करा. तो स्वतःचं नुकसान करून तुमचं भलं करतोय.

तुमच्या घरात गुडघ्याचं किंवा पोटाचं मोठं ऑपरेशन झालं असेल तर हे प्रश्न तुम्ही विचारले होते का आणि काय उत्तर मिळालं, ते कमेंटमध्ये लिहा. हॉस्पिटलचं नाव नको, नुसतं उत्तर लिहा. पन्नास उत्तरं जमली की प्रिंट काढून मी स्वतः दोन्ही महापालिकांच्या आरोग्य विभागात देऊन येईन, आणि पोच इथेच टाकीन.