अस्थिरोगशास्त्राची उजळणी

पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची तारीख जाहीर झाली, की वैद्यकीय महाविद्यालयांच्या अभ्यासिकांतून जे वेळापत्रक आखले जाते, त्यात मेडिसिन, शल्यचिकित्सा, स्त्रीरोग या विषयांना महिनेच्या महिने मिळतात आणि अस्थिरोगशास्त्राच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलीतल्या ‘ऑर्थो’च्या, वाटणीला शेवटच्या पंधरवड्यातले दोनतीन दिवस येतात. ‘शॉर्ट सब्जेक्ट’ हा शिक्का या विषयावर फार पूर्वीच बसलेला आहे. अंतिम वर्षाच्या परीक्षेत तो स्वतंत्र नसून शल्यचिकित्सेच्या पोटात मोडतो, आणि प्रवेशपरीक्षेच्या २०० प्रश्नांत त्याचे प्रश्न मोजकेच असतात. तेव्हा वेळेचा हिशेब मांडून बसलेल्या विद्यार्थ्याला त्याबद्दल दोष देणे न्यायाचे होणार नाही. परंतु याच विद्यार्थ्याची उद्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर नेमणूक झाली, म्हणजे सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात त्याच्यासमोर जी रांग उभी राहते, तीत कंबर धरून आलेला शेतमजूर, गुडघे सुजलेली म्हातारी आणि झाडावरून पडून कोपर मोडलेले पोर ही माणसे रोजची असतात, आणि परीक्षेतले गुणांचे प्रमाण त्या रांगेला ठाऊक नसते.

ही अवस्था आपल्याकडचीच आहे असे नाही. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे फ्रीडमन आणि बर्नस्टाइन या दोघांनी केवळ २५ लघूत्तरी प्रश्नांची एक परीक्षा तयार केली, अस्थिशल्याच्या विभागप्रमुखांकडून तिचे वजन ठरवून घेतले, उत्तीर्णतेची मर्यादा ७३.१ टक्के धरली आणि नुकतेच निवासी वैद्य म्हणून रुजू झालेल्या ८५ पदवीधरांपुढे ती ठेवली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार त्यांतले ७० अनुत्तीर्ण झाले. ही मंडळी तिथल्या ‘बोर्डा’च्या कठीण परीक्षांच्या अभ्यासातून तावून सुलाखून निघालेली होती. प्रश्न पाहावे तर नवजात अर्भकात कोणत्या अस्थिव्यंगासाठी तपासणी अवश्य करावी, स्नायूंच्या कप्प्यातील दाब वाढणे म्हणजे काय, झोपेतून जागे करणारी पाठदुखी कोणत्या दोन रोगांची शंका उत्पन्न करते, अशा प्राथमिक स्वरूपाचे. चार पर्याय डोळ्यांसमोर नसताना स्वतःच्या मनातून उत्तर काढावे लागले, तेव्हा ही उणीव उघडी पडली. आणि उजळणी कशी करावी, या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला त्यातच दिसते.

आजची उजळणी बहुधा नामावळीची असते. कोणत्या अस्थिभंगाला कोणाचे नाव, कोणत्या चाचणीने कोणता अस्थिबंध तपासतात, कोणत्या क्ष-किरणचित्राला कोणती उपमा दिली आहे, हे सारे रकान्यारकान्यांनी पाठ केले जाते आणि परीक्षेनंतरच्या पहिल्याच पावसात वाहून जाते. वास्तविक या विषयाचे भाग्य असे, की थोडीशी शरीररचना मनात पक्की असली तर त्यातला पुष्कळसा भाग पाठ करावाच लागत नाही. उदाहरणार्थ, मनगटातले स्कॅफॉइड, घोट्यातले टेलस आणि मांडीच्या हाडाचे डोके या तिन्ही ठिकाणी अस्थिभंगानंतर हाडाचा तुकडा रक्तावाचून मृत होण्याची भीती असते, ही गोष्ट विद्यार्थी तीन निरनिराळ्या प्रकरणांतून तीन वेळा घोकतो. तिन्ही हाडांचा बहुतांश पृष्ठभाग सांध्याच्या कूर्चेने मढवलेला आहे, कूर्चेतून रक्तवाहिनी आत शिरत नाही, म्हणून तिला उरलेल्या अरुंद जागेतूनच वाट काढावी लागते आणि मोड त्या वाटेवर पडला की पलीकडचा भाग उपाशी राहतो, एवढे एकदा ध्यानात आले म्हणजे तीन प्रकरणांचे एक होते. पडताना तळहात टेकलेल्या तरुणाच्या अंगठ्याच्या बुडाशी, दोन कंडरांच्या मधल्या खोलगट जागेत बोटाने दाबल्यावर तो कळवळला, तर पहिल्या दिवसाचे क्ष-किरणचित्र निर्दोष असूनही मनगट प्लास्टरमध्ये ठेवून दहाचौदा दिवसांनी पुन्हा चित्र काढावे, हा नियम मग वरून आलेल्या हुकमासारखा वाटत नाही. त्या हाडाच्या रक्तपुरवठ्यातूनच तो निघतो.

कप्प्यातील दाबाचे प्रकरण मला या सर्व विषयात अधिक निकडीचे वाटते, कारण येथे चुकीचा निकाल काही तासांत कायम होतो. इंग्रजी ‘पी’ अक्षराने सुरू होणारी पाच लक्षणे, म्हणजे वेदना, फिकेपणा, मुंग्या, लुळेपणा आणि नाडीचा अभाव, विद्यार्थी एका श्वासात म्हणतो. आणि या स्मरणसूत्राचा दोष असा, की ते पाचही लक्षणांना एका ओळीत, एका मोलाने उभे करते. कोपराच्या वर हाड मोडलेले, प्लास्टर घातलेले एक सात वर्षांचे मूल समोर आहे अशी कल्पना करा. ते रडत आहे, औषध देऊनही रडणे थांबत नाही, त्याची बोटे अर्धवट मिटलेली आहेत. आपण एकेक बोट हलकेच सरळ करू लागतो आणि ते किंचाळून हात ओढून घेते. या क्षणी मनगटाची नाडी व्यवस्थित लागत असते, बोटांची टोके गुलाबी असतात, आणि नवशिक्या वैद्य तेवढ्यावर समाधान मानून निघून जाण्याची शक्यता असते. धमनीतला दाब कप्प्यातल्या दाबापेक्षा पुष्कळ अधिक असल्यामुळे नाडी चालू राहते. आतल्या केशवाहिन्यांचा प्रवाह मात्र केव्हाच मंदावलेला असतो आणि स्नायू मरू लागलेला असतो. म्हणून इजेच्या मानाने अवास्तव वाटणारी वेदना आणि बोटे ताणताच तिचे उसळणे, या दोहोंवरच निर्णय घ्यावयाचा. नाडी जाण्याची वाट पाहणे म्हणजे हात जाण्याची वाट पाहणे होय. प्लास्टर आतल्या कापसासह कातडीपर्यंत चिरावे, हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा, आणि एवढ्याने तत्काळ आराम पडला नाही तर कप्पा शस्त्रक्रियेने उघडण्याची तजवीज करावी. कप्प्याचा दाब मोजण्याची सोय असेल आणि तो रक्तदाबाच्या खालच्या आकड्याच्या ३० मिलिमीटरच्या आत येऊन ठेपला असेल, तर विलंबाला जागाच नाही. वेळ टळली म्हणजे पुढे जे उरते, त्या आखडलेल्या, वाळलेल्या, निरुपयोगी हाताचे वर्णन फोल्कमान याने १८८१ साली केले आहे.

आपल्या जिल्ह्यांतून असे हात अजून दिसतात, आणि त्यांतले काही बांबूच्या कामट्यांवर करकचून बांधलेल्या पट्ट्यांमुळे आलेले असतात. त्यावरून हाडवैद्यांची सरसकट निंदा करणे मला प्रशस्त वाटत नाही. ज्याच्या नावाची खुब्याची चाचणी विद्यार्थी रोज घोकतो तो लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस हा हाडवैद्यांच्याच घराण्यात जन्मला होता. आणि घट्ट प्लास्टर रुग्णालयातले असले म्हणून ते कमी घातक होत नाही.

थॉमसचे नाव निघाले म्हणून त्या चाचणीविषयी थोडे विस्ताराने सांगतो. तिची व्याख्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याला येते. ती करून दाखवा म्हटले की पुष्कळांचा हात अडखळतो. रुग्णाला कठीण पृष्ठावर उताणे निजवून आपला एक तळहात त्याच्या कमरेखाली सरकवावा. खुबा आत वाकून जखडलेला असेल, तर कंबर कमानीसारखी उचललेली असते आणि तळहात सहज आत शिरतो. आता निरोगी पाय गुडघ्यात दुमडून पोटाकडे न्यावा, आणि कमान मोडून कमरेचा भार तळहातावर आला की तेथेच थांबावे. त्याच क्षणी दुसरी मांडी आपोआप अंथरुणावरून वर उठते, आणि तिने अंथरुणाशी केलेला कोन हाच लपलेला दोष होय. कमरेखालचा हात वगळून जो ही चाचणी करतो, त्याला केव्हा थांबावयाचे हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

खुबा तपासण्याची ही सवय आणखी एका कारणाने जडली पाहिजे. स्थूल बांध्याचा, बारातेरा वर्षांचा मुलगा लंगडत येतो आणि गुडघा दुखतो म्हणतो. गुडघ्याचे चित्र काढले जाते, ते निर्दोष निघते, आणि मलम देऊन त्याची बोळवण होते. खुब्याला आणि गुडघ्याला संवेदना पुरवणारी ऑब्ट्युरेटर नस एकच असल्यामुळे खुब्यातला बिघाड गुडघ्यात दुखतो, हे पहिल्या वर्षी शवविच्छेदनाच्या टेबलापाशी शिकलेले ज्ञान चौथ्या वर्षापर्यंत दप्तरात पडून राहिलेले असते. मुलाची मांडी पोटाकडे नेताना ती सरळ न जाता बाहेर वळू लागली, तर मांडीच्या हाडाचे डोके मानेवरून घसरत असल्याची शंका घ्यावी, त्याला पायावर उभे राहू देऊ नये, आणि दोन्ही खुब्यांची चित्रे, बाजूच्या चित्रासह, त्याच दिवशी काढावीत. हाच रोग परीक्षेत चित्ररूप प्रश्न म्हणून येतो आणि विद्यार्थी तो क्षणात ओळखतो, कारण तेथे खुब्याचे चित्र परीक्षकानेच काढून दिलेले असते.

पाठदुखीचा विस्तार मोठा असला तरी तिच्या उजळणीचा गाभा मोजकाच आहे. बहुसंख्य कंबरा काही आठवड्यांत आपोआप बऱ्या होतात. रात्रीची, ज्वरासह किंवा वजन घटण्यासह येणारी वेदना मात्र आपल्या देशात मणक्याच्या क्षयाची रुजुवात झाल्याखेरीज सोडू नये, आणि लघवी तुंबणे व बैठकीच्या जागेची संवेदना जाणे ही लक्षणे दिसली तर रुग्णाला दुसऱ्या दिवसाची मुदत देऊ नये.

१८१४ साली डब्लिनच्या अब्राहम कोलिसने मनगटावरील अस्थिभंगाचे जे वर्णन लिहिले, ते क्ष-किरणांच्या शोधापूर्वी ८१ वर्षे, डोळे आणि बोटे यांच्याच आधाराने लिहिलेले आहे. डोळ्यांची आणि बोटांची ही सवय परीक्षेने मागितली तरच विद्यार्थी ती जोपासेल, म्हणून परीक्षेला मुकाट सामोरे जाणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा परीक्षा घेणाऱ्यांना माझी विनंती आहे. प्रात्यक्षिकात अस्थिरोगाच्या रुग्णापाशी विद्यार्थ्याला उभे केल्यावर चाचणीचे नाव, तिचा कर्ता आणि वर्गीकरणाचे प्रकार विचारण्याचा शिरस्ता काही काळ बाजूला ठेवावा. आधी त्याला सांधा तपासू द्यावा, सापडलेला कोन किंवा दुखरी जागा त्याच्याच शब्दांत सांगू द्यावी, आणि त्याच्या निष्कर्षाची खातरजमा आपल्या हातांनी करून मगच गुण लिहावेत. लेखी परीक्षेत पर्यायांचे प्रश्न अपरिहार्य असतील, पण त्यांतही रोगाचे चित्र दाखवून नाव विचारण्याऐवजी गुडघा दुखणारे ते मूल समोर उभे करून ‘आता कोणत्या भागाचे चित्र काढाल?’ असे विचारता येते. असे प्रश्न येऊ लागल्यावर अभ्यासिकेतले ते दोनतीन दिवस वाढवा, असे विद्यार्थ्यांना सांगावे लागणार नाही, आणि प्लास्टरच्या खोलीतही त्यांची हजेरी लागू लागेल.